नाडी नियमित, तरी अलिंद अनियमित : पेसमेकरधारक रुग्ण आणि पक्षाघाताचा धोका

भाईंदर पश्चिमेला माझ्या दवाखान्यात गुडघेदुखीसाठी बहात्तर वर्षांचे एक गृहस्थ नियमित येतात. उच्च रक्तदाब आणि मधुमेह हे त्यांचे जुने विकार. काही वर्षांपूर्वी त्यांची वाचा अर्धा तास अडखळली होती व आपोआप पूर्ववत झाली होती. पुढे हृदयगती अतिशय मंदावल्यामुळे मुंबईतील एका रुग्णालयात त्यांना पेसमेकर बसविण्यात आला. एका भेटीत नाडी पाहून मी सहज म्हणालो, "काका, नाडी अगदी घड्याळासारखी चालली आहे." माझ्या दृष्टीने तो धीराचा शब्द होता. काकांनी मात्र त्याचा अर्थ हृदय निर्दोष असल्याचा घेतला आणि 'रक्त पातळ करण्याची' गोळी परस्पर बंद केली. तीन आठवड्यांनी त्यांच्या सूनबाईंनी ही गोष्ट बोलता बोलता सांगितली, तेव्हा मी त्यांचे कागद मागवून घेतले. पेसमेकरच्या तपासणीच्या अहवालात हृदयाच्या वरच्या कप्प्यांची गती अनेकदा बेताल झाल्याची नोंद होती आणि त्यांपैकी सर्वांत दीर्घ आवर्तन नऊ तास चालले होते. त्याच दिवशी त्यांना हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठविले आणि गोळी पुन्हा सुरू झाली. त्या तीन आठवड्यांत अघटित घडले नाही, यात माझ्या कौशल्याचा भाग काहीच नव्हता.

हा प्रसंग येथे मांडण्याचे कारण असे की, असे रुग्ण आता आपल्यापैकी प्रत्येकाकडे येतात. दहिसरपासून वसईच्या खाडीपर्यंत पसरलेल्या आपल्या शहरात निवृत्त नोकरदार, उत्तनचे कोळी बांधव, मीरा रोडच्या इमारतींत मुलांकडे राहावयास आलेले वृद्ध, अशा सर्व थरांत पेसमेकरधारक आढळतात. २०१२ मध्ये सुरू झालेल्या आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालणाऱ्या शासकीय योजनेमुळे हा उपचार अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांच्याही आवाक्यात आला आहे. शस्त्रक्रिया मुंबईत होते. सांधेदुखी, मलावष्टंभ, अनिद्रा यांसाठी मात्र रुग्ण घराजवळच्या वैद्यांकडे येतो आणि औषधे गल्लीतल्या दुकानातून घेतो. म्हणून पेसमेकरने टिपलेली अलिंदाची अनियमितता म्हणजे काय, तिच्यामुळे पक्षाघाताचा धोका किती वाढतो आणि अशा रुग्णाच्या बाबतीत आपले कर्तव्य कोणते, याचा विचार या लेखात केला आहे.

पेसमेकर काय पाहतो?

हृदयाचे वरचे दोन कप्पे म्हणजे अलिंद आणि खालचे दोन म्हणजे निलय. उजव्या अलिंदातील नैसर्गिक स्पंदनकेंद्रातून निघालेला विद्युत्संकेत प्रथम अलिंदात पसरतो, मग मधल्या गाठीतून निलयात उतरतो. हे केंद्र दुर्बल झाले किंवा मधला मार्ग खंडित झाला, की हृदयगती मंदावते. घेरी येते, शुद्ध हरपते. अशा वेळी गळ्याच्या हाडाखाली त्वचेच्या आत बसविलेले छोटे यंत्र तारेवाटे संकेत देऊन हृदयाला चालते ठेवते. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोम येथे आर्ने लार्सन या रुग्णाच्या शरीरात असे पहिले यंत्र बसविले गेले. ते काही तासांतच बंद पडले. परंतु पुढे वेळोवेळी यंत्रे बदलून लार्सन २००१ पर्यंत, वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत जगले.

तेव्हाचा पेसमेकर केवळ ठोके देत असे. आजचा पेसमेकर ठोके देतो आणि टिपणही ठेवतो. अलिंदात तार असेल तर अलिंदाची गती केव्हा, किती वाढली आणि ती किती वेळ तशी राहिली, हे तो अहोरात्र नोंदवितो. तपासणीच्या वेळी छातीवर एक वाचक-यंत्र धरले, की या नोंदी पडद्यावर येतात. रुग्णाला धडधड, दम, घेरी यांपैकी काहीही जाणवलेले नसते, साध्या ईसीजीमध्येही काही सापडलेले नसते. तरी यंत्राच्या स्मृतीत आवर्तने असतात. यालाच छुपे किंवा उपकरणाने टिपलेले अलिंदकंपन म्हणतात. हृदयरोगतज्ज्ञांच्या भाषेत हे 'सबक्लिनिकल एट्रियल फिब्रिलेशन' होय.

येथे एक व्यावहारिक भेद ध्यानात ठेवावा. एकच तार असलेल्या पेसमेकरमध्ये ती तार बहुधा निलयात असते. असा पेसमेकर अलिंदाचे टिपण ठेवू शकत नाही. खर्चाच्या कारणाने आपल्याकडे एका तारेचे पेसमेकर पुष्कळांना बसविलेले आहेत. मुंबईच्या होली फॅमिली रुग्णालयात तर अमेरिकेतील मृत व्यक्तींच्या शरीरातून काढलेले, निर्जंतुक केलेले ५३ पेसमेकर गरजू रुग्णांना बसविल्याचा अनुभव वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला आहे. तात्पर्य, एका रुग्णाचे यंत्र दुसऱ्यासारखे असेलच असे नाही. 'पेसमेकरच्या अहवालात काही आले नाही' याचा अर्थ एका तारेच्या रुग्णात 'पाहिलेच गेले नाही' असाही असू शकतो. प्रत्येक रुग्णाजवळ यंत्राचे ओळखपत्र असते. त्यावर यंत्राचा प्रकार लिहिलेला असतो. ते आधी पाहावे.

नाडी का फसविते?

शार्ङ्गधरसंहितेपासून नाडीपरीक्षा हा आपल्या निदानाचा मोठा आधार आहे आणि योगरत्नाकराने तिला अष्टविध परीक्षेत अग्रस्थान दिले आहे. सामान्य रुग्णात अलिंदकंपन असेल तर नाडी बोटांना स्पष्ट विषम लागते. ठोक्यांतील अंतर बदलते, बलही बदलते. अनेक वैद्यांनी केवळ नाडीवरून हा विकार ओळखून रुग्णाला वेळेवर पुढे पाठविले असेल.

परंतु पेसमेकरधारकात हा नियम लागू पडेलच असे नाही. ज्याचा अलिंद-निलयांमधील मार्ग पूर्ण खंडित आहे, त्याच्या निलयाला प्रत्येक ठोका यंत्रच देते. अशा रुग्णाचे अलिंद मिनिटाला तीनशेहून अधिक वेळा थरथरत असले, तरी तो क्षोभ खाली पोहोचत नाही. दोन तारांचा पेसमेकर अलिंदाची अतिगती ओळखतो आणि तिच्यामागे निलयाला पळवू नये म्हणून स्वतःची कार्यपद्धती बदलतो. याला 'मोड स्विच' म्हणतात. त्यानंतर निलयाला ठरलेल्या गतीने, साठ-सत्तर ठोक्यांनी, एकसारखे संकेत मिळत राहतात. बोटांखाली येते ती यंत्राने चालविलेल्या निलयाची नाडी. अलिंदात काय चालले आहे, याचा पत्ता तिच्यात नसतो.

ज्या रुग्णात मधला मार्ग शाबूत आहे आणि केवळ स्पंदनकेंद्र दुर्बल आहे, त्याच्यात नाडी विषम लागू शकते. तशी ती लागली तर तिची उपेक्षा करू नये. मात्र नियमित नाडीवरून अलिंद स्वस्थ असल्याचा निर्वाळा पेसमेकरधारकाला कधीही देऊ नये. माझी चूक नेमकी हीच झाली होती.

अलिंदकंपनातून पक्षाघात कसा होतो?

चरकाचार्यांनी हृदय, शिर आणि बस्ती ही तीन प्रधान मर्मे मानली आहेत. प्रस्तुत विकारात एका मर्मातील बिघाड दुसऱ्या मर्मावर आघात करतो. अलिंद नीट आकुंचन पावत नाही, तेव्हा डाव्या अलिंदाला जोडलेल्या पिशवीसारख्या उपांगात रक्त रेंगाळते आणि तेथे गुठळी बनू शकते. ती सुटून मेंदूच्या रोहिणीत अडकली, की त्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो आणि पक्षाघात, वाचाभ्रंश किंवा मृत्यू ओढवतो.

ईसीजीवर सिद्ध झालेल्या अलिंदकंपनात हा धोका मोठा असतो आणि गुठळीरोधक औषधांचा लाभही निर्विवाद आहे. प्रश्न आहे तो केवळ यंत्राने टिपलेल्या, काही मिनिटे वा काही तास टिकलेल्या आवर्तनांचा. ती तितकीच घातक मानावीत काय?

संशोधन काय सांगते?

या प्रश्नावरील पायाभूत अभ्यास 'अॅसर्ट' या नावाने २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. पासष्ट वर्षांवरील, उच्च रक्तदाब असलेले आणि पूर्वी अलिंदकंपन नसलेले २,५८० यंत्रधारक त्यात होते. पहिल्या तीन महिन्यांतच सुमारे १० टक्के रुग्णांत सहा मिनिटांहून अधिक काळ टिकलेली अतिगतीची आवर्तने सापडली. या रुग्णांत पक्षाघात वा अन्य अवयवात गुठळी अडकण्याचे प्रमाण वर्षाला १.६९ टक्के, तर इतरांत ०.६९ टक्के होते; म्हणजे धोका सुमारे अडीच पट. हा धोका खरा आहे, पण ईसीजीवर सिद्ध झालेल्या अलिंदकंपनाहून तो कमी आहे. त्याच रुग्णांचे २०१७ मध्ये पुन्हा विश्लेषण झाले, तेव्हा वाढलेला धोका मुख्यतः २४ तासांहून दीर्घ आवर्तने असलेल्यांत एकवटलेला दिसला.

याच अभ्यासातील आणखी एक निरीक्षण विचारात पाडणारे आहे. ज्या ५१ रुग्णांना पक्षाघात किंवा तत्सम घटना झाली, त्यांपैकी केवळ चौघांत आधीच्या तीस दिवसांत अलिंदाचे असे आवर्तन नोंदले गेले होते. म्हणजे प्रत्येक वेळी आवर्तन, मग गुठळी, मग पक्षाघात अशी सरळ साखळी नसते. बऱ्याच रुग्णांत हे आवर्तन अलिंदाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या एकूण जीर्णतेचे लक्षण असते. म्हणूनच रक्तदाब, मधुमेह, तंबाखू आणि स्थौल्य यांवरील नियंत्रणाला गोळीइतकेच महत्त्व आहे, आणि हे क्षेत्र वैद्यांचे हक्काचे आहे.

यंत्राची प्रत्येक नोंद खरी असते असेही नाही. निलयाचा संकेत अलिंदाच्या तारेने उचलणे, तारेतील दोष, बाहेरील विद्युत् व्यत्यय यांमुळे खोट्या नोंदी होतात. अॅसर्टमधील नोंदी तज्ज्ञांनी तपासल्या तेव्हा सहा मिनिटांहून अधिक टिकलेल्या आवर्तनांपैकी सुमारे १७ टक्के खोटी निघाली. २४ तासांहून दीर्घ आवर्तनांत हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास उतरले. सबब अहवालावरील आकडा हे निदान नव्हे. तज्ज्ञाने मूळ आलेख पाहून मगच ते निश्चित करावयाचे असते.

गुठळीरोधक औषध द्यावे काय, याचे उत्तर शोधणाऱ्या दोन मोठ्या चाचण्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झाल्या. 'नोआ' या चाचणीत सरासरी ७८ वर्षांच्या २,५३६ रुग्णांत एडोक्साबॅनचा उपयोग झाला. ठोस लाभ दिसेना आणि रक्तस्राव वाढला, म्हणून ही चाचणी मुदतीपूर्वीच थांबविण्यात आली. औषध घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या, दोन्ही गटांत पक्षाघाताचे प्रमाण वर्षाला सुमारे एक टक्का इतके कमी होते.

'आर्टेसिया' या दुसऱ्या चाचणीत सहा मिनिटे ते चोवीस तास टिकलेली आवर्तने असलेले ४,०१२ रुग्ण होते. निम्म्यांना अपिक्साबॅन, निम्म्यांना अॅस्पिरिन देण्यात आले. निष्कर्ष सोप्या भाषेत असा मांडता येईल : अशा एक हजार रुग्णांना वर्षभर अॅस्पिरिन दिले तर सुमारे बारा जणांना पक्षाघात वा तत्सम घटना होते, अपिक्साबॅन दिले तर सुमारे आठ जणांना होते. मोठा रक्तस्राव अॅस्पिरिनवर सुमारे नऊ जणांना, तर अपिक्साबॅनवर सुमारे सतरा जणांना होतो. केवळ आकडे पाहिले तर सौदा तोट्याचा वाटेल. परंतु मोठ्या रक्तस्रावातून बहुतेक रुग्ण उपचाराने बरे होतात. मोठ्या पक्षाघाताने आलेले अपंगत्व मात्र बहुधा जन्मभर राहते. या चाचणीत अपंगत्व आणणारे वा प्राणघातक पक्षाघात अपिक्साबॅनमुळे जवळपास निम्म्याने घटले.

दोन्ही चाचण्यांची माहिती एकत्र केली असता गुठळीरोधकांमुळे मेंदूचा रक्तपुरवठा तुटून होणारे पक्षाघात सुमारे एक-तृतीयांशाने कमी होतात आणि मोठे रक्तस्राव सुमारे साठ टक्क्यांनी वाढतात, असे दिसते. तेव्हा सर्वांना गोळी देणे योग्य नाही आणि कोणालाच न देणे हेही योग्य नाही.

मग निवड कशी होते?

याकरिता तज्ज्ञ रुग्णाचे गुण मोजतात. हृदयाची क्षीणता, उच्च रक्तदाब, मधुमेह आणि रोहिण्यांचा विकार यांना प्रत्येकी एक गुण. वय ६५ ते ७४ असल्यास एक, ७५ वा अधिक असल्यास दोन. पूर्वी पक्षाघात किंवा क्षणिक झटका आलेला असल्यास दोन. पूर्वी स्त्री रुग्णास एक गुण अधिक धरीत. २०२४ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी तो वगळला.

आर्टेसियातील रुग्णांत ज्यांचे गुण चारांहून कमी होते, त्यांना औषधाचा लाभ नगण्य होता. गुण चारांहून अधिक असलेल्यांत अॅस्पिरिनवर वर्षाला २.२५ टक्के, तर अपिक्साबॅनवर ०.९८ टक्के घटना घडल्या. येथे लाभ हानीहून स्पष्टपणे मोठा ठरला. ज्यांना पूर्वी पक्षाघात किंवा क्षणिक झटका येऊन गेला होता, त्यांच्यात फरक आणखी ठळक होता : अॅस्पिरिनवर ३.१४ टक्के, अपिक्साबॅनवर १.२० टक्के.

अमेरिकी तज्ज्ञसंस्थांच्या २०२३ च्या सूचनांचा आशय असा : आवर्तन २४ तास वा अधिक आणि गुण दोन वा अधिक, तर औषध देणे सयुक्तिक, पाच मिनिटे ते २४ तास आणि गुण तीन वा अधिक, तर रुग्णाशी विचारविनिमय करून देता येईल, पाच मिनिटांहून कमी असल्यास या कारणासाठी देऊ नये. युरोपीय सूचनाही रक्तस्रावाचा धोका फार नसलेल्या, पण गुठळीचा धोका अधिक असलेल्या रुग्णांतच औषधाचा विचार करण्यास सांगतात.

आमच्या काकांचा हिशेब या पद्धतीने मांडून पाहावा. वयाचा एक, रक्तदाबाचा एक, मधुमेहाचा एक आणि वाचा अडखळण्याच्या त्या अर्ध्या तासाचे दोन, असे पाच गुण. ज्या गटाला औषधाचा सर्वाधिक उपयोग होतो, नेमके त्याच गटातील हे गृहस्थ. त्यांच्या गोळीमागे एवढा विचार होता आणि माझ्या एका वाक्याने तो पुसला गेला.

वैद्यांनी काय करावे, काय टाळावे?

पेसमेकरधारक रुग्ण प्रथमच आला, की चार गोष्टी विचाराव्यात आणि पत्रकावर नोंदवाव्यात : यंत्राला तारा किती; शेवटची यंत्रतपासणी केव्हा झाली; तीत अलिंदाची आवर्तने आढळली काय व सर्वांत दीर्घ किती; आणि सध्या कोणते गुठळीरोधक वा अॅस्पिरिनसारखे औषध चालू आहे. मुंबईपर्यंतचा लोकलचा प्रवास वृद्धांना जड जातो, म्हणून तपासणी पुढे पुढे ढकलली जाते. सहा महिने ते वर्षभरात तपासणी झाली नसेल तर रुग्णाला तिची आठवण करून द्यावी. आपल्या शब्दाला रुग्ण मान देतात.

चालू असलेले गुठळीरोधक औषध आपण बंद करू नये, कमी करू नये आणि 'रक्त फार पातळ झाले' असे म्हणून रुग्णाला घाबरवू नये. 'रक्त पातळ करणे' हा शब्दप्रयोगच फसवा आहे. ही औषधे रक्ताचा दाटपणा बदलत नाहीत, ती गुठळी बनण्याची क्रिया रोखतात. अर्जुनादी हृद्य द्रव्यांचे त्यांच्या जागी महत्त्व आहेच. पण अलिंदकंपनातील गुठळी त्यांनी टळते असा पुरावा नाही. म्हणून त्यांना गुठळीरोधकाचा पर्याय म्हणून देऊ नये.

सहऔषधांचा विचार अधिक काटेकोरपणे करावा. गुग्गुळाच्या अर्काबरोबर डिल्टियाझेम व प्रोप्रानोलॉल ही हृदयाची औषधे दिली असता त्यांचे रक्तातील प्रमाण घटते, असे मुंबईतील संशोधकांनी १९९४ मध्ये निरोगी व्यक्तींवरील प्रयोगात दाखविले होते. संधिवातासाठी गुग्गुळकल्प लिहिताना हे विस्मरणात जाऊ नये. त्रिकटूतील मरिच व पिंपळी यांमधील पिपेरिन, औषधे आतड्यातून परत बाहेर टाकणाऱ्या एका वाहक प्रथिनाला रोखते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. अपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन, एडोक्साबॅन व दाबिगॅट्रान ही चारही औषधे त्याच वाहकावर अवलंबून असतात. लसूण आणि हरिद्रेचे तीव्र अर्क रक्तबिंबिकांच्या एकत्र येण्यावर परिणाम करू शकतात. स्वयंपाकातील मात्रेची भीती बाळगू नये. घनसत्त्वे, कॅप्सूल आणि दीर्घकाळ दिलेल्या मोठ्या मात्रा यांबाबत मात्र रुग्णाच्या हृदयरोगतज्ज्ञांना कळवूनच पुढे जावे. यष्टिमधु दीर्घकाळ दिल्यास रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते. दोन्ही गोष्टी या रुग्णास अहितकर आहेत. त्रिभुवनकीर्ती, आनंदभैरव यांसारखे वत्सनाभयुक्त कल्प हृदयाच्या तालावर थेट परिणाम करू शकतात, म्हणून या रुग्णांत ते टाळावेत.

पंचकर्मात रक्तमोक्षणाचा प्रश्न सर्वांत गंभीर आहे. जळवेच्या लाळेतील हिरुडिन रक्तातील थ्रॉम्बिनला रोखते आणि दाबिगॅट्रान हे औषधही त्याच थ्रॉम्बिनला रोखते; दोन्ही एकत्र आले तर दंशस्थानचा स्राव थांबविणे कठीण होईल. गुठळीरोधक चालू असताना जलौका, सिरावेध व विद्धकर्म टाळावे. कर्म करता यावे म्हणून रुग्णास गोळी थांबविण्यास सांगणे तर अधिकच धोक्याचे. तीव्र विरेचनाने जलांश व क्षार घटतात. त्याने अलिंद क्षुब्ध होऊ शकते आणि वृक्कांचे कार्य मंदावल्यास औषध शरीरात साठते. यंत्राच्या जागेवर मर्दन करू नये. काही केंद्रांत शेकासाठी वापरले जाणारे शॉर्टवेव्ह डायथर्मीचे यंत्र पेसमेकरधारकास लावू नये.

आणखी एक अपवाद सांगितला पाहिजे. आमवातजन्य हृद्रोगाने द्विदल झडप अरुंद झालेल्या किंवा कृत्रिम धातूची झडप बसविलेल्या रुग्णांना वरील गुणांचा हिशेब लागू नाही. त्यांना वॉरफरिन वा अॅसिनोकुमारॉल हीच औषधे द्यावी लागतात. या औषधांवर आहारातील पालेभाज्यांच्या चढउतारांचा परिणाम होतो. म्हणून अशा रुग्णाला अचानक केवळ पालेभाज्यांचे पथ्य सांगू नये अथवा त्या पूर्ण वर्ज्यही करू नयेत.

औषध विक्रेत्या बंधूंना विनंती

या रुग्णांच्या बाबतीत औषधविक्रेता हा शेवटचा पहारेकरी असतो. अपिक्साबॅनवरील पेटंटची मुदत भारतात २०२२ मध्ये संपल्यानंतर अनेक कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या बाजारात आल्या. त्यामुळे हे औषध आता सामान्य ग्राहकाच्या पिशवीतही दिसते. पुढील गोष्टी दुकानात सर्वांना समजावून ठेवाव्यात.

गुठळीरोधक घेणाऱ्यास डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या चिठ्ठीशिवाय देऊ नयेत. जठरातील रक्तस्रावाचे हे सर्वांत सहज टाळता येणारे कारण आहे. 'अॅस्पिरिनही तेच काम करते' असे सांगून एकाऐवजी दुसरे देऊ नये. बुरशीवरील केटोकोनॅझोल व इट्राकोनॅझोल या औषधांनी नव्या गुठळीरोधकांचे प्रमाण वाढते, तर क्षयावरील रिफॅम्पिसिनने ते घटते; चिठ्ठीवर अशी जोडी दिसली तर डॉक्टरांना दूरध्वनी करावा. दाबिगॅट्रानची कॅप्सूल उघडून देऊ नये. अलिंदकंपनासाठी दिलेली रिव्हारोक्साबॅनची १५ वा २० मिलिग्रॅमची गोळी जेवणासोबतच घ्यावयाची असते. या औषधांचा परिणाम दिवसभरातच ओसरतो, म्हणून गोळ्या संपण्यापूर्वी चार दिवस आधी ग्राहकाला आठवण करावी. ठराविक गोळ्या नेणारा ग्राहक एखाद्या महिन्यात आलाच नाही, तर त्याची विचारपूस करावी. काकांच्या बाबतीत ती तीन आठवड्यांची पोकळी अशा एका विचारपुशीने पहिल्याच आठवड्यात उघड झाली असती.

आपत्काळी काय करावे?

चेहऱ्याची एक बाजू लोंबणे, एक हात वा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे किंवा अर्थहीन होणे, एका डोळ्याने अचानक न दिसणे, ही लक्षणे दिसताच घरगुती उपाय, नस्य, तैलमर्दन यांत वेळ घालवू नये. गिळण्याची शक्ती गेलेली असू शकते म्हणून तोंडावाटे काहीही देऊ नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि मेंदूचे सीटी स्कॅन होऊ शकेल अशाच रुग्णालयात न्यावे. गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. रुग्णाने गुठळीरोधकाची शेवटची मात्रा केव्हा घेतली, हे तेथील डॉक्टरांना प्रथम सांगावे. उपचाराचा मार्ग त्यावर ठरतो. यंत्राचे ओळखपत्रही सोबत द्यावे. लक्षणे अर्ध्या तासात ओसरली तरी रुग्णास घरी ठेवू नये. तो पुढील मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो. पक्षाघातानंतरच्या पुनर्वसनात आयुर्वेदाला मोठे स्थान आहे. पहिले काही तास मात्र रुग्णालयाचे आहेत.

समारोप

यंत्राने टिपलेली प्रत्येक बेताल स्पंदने म्हणजे पक्षाघाताची नांदी नव्हे, आणि रुग्णास काही जाणवत नाही म्हणून ती दुर्लक्षणीयही नव्हेत. आवर्तन किती दीर्घ, रुग्णाचे गुण किती, रक्तस्रावाचा धोका किती, या तिन्हींचा मेळ घालून तज्ज्ञ निर्णय घेतात. तो निर्णय रुग्णाच्या रोजच्या जीवनात टिकून राहील की एखाद्या अनवधानाच्या शब्दाने मोडेल, हे पुष्कळ अंशी आपल्या हाती असते.

काका अजूनही महिन्यातून एकदा येतात. मी त्यांची नाडी पाहतो. त्यांनाही ते आवडते. मात्र बोटे ठेवण्यापूर्वी यंत्रतपासणीची तारीख आणि गोळीचे पाकीट मागतो. तारीख टळली असेल तर समोर बसवूनच त्यांच्या मुलाला दूरध्वनी करतो. नाडी चांगली लागली तर तेही सांगतो, फक्त आता त्यापुढे एक वाक्य न विसरता जोडतो : "काका, ही यंत्राची नाडी आहे. गोळी चालूच ठेवायची."